साकव, पाखाडी आणि वाडीतला रस्ता : एका हंगामाच्या कामनोंदी

ठिकाण : रत्नागिरी जिल्ह्यातली डोंगरउताराची एक वाडी. कामे तीन : पऱ्यावरचा (ओढ्यावरचा) साकव म्हणजे छोटा पादचारी पूल, वरच्या घरांकडे जाणारी ९६ मीटरची पाखाडी म्हणजे पायऱ्यांची वाट, आणि खालच्या वाडीतला ८४ मीटरचा अंतर्गत रस्ता. पाऊस वर्षाला ३,००० मिमीच्या वर. तिन्ही कामांचा आराखडा त्याला धरून केला आहे.

१९ ऑक्टोबर २०२४
पाहणी. १५ तारखेपासून विधानसभेची आचारसंहिता लागू आहे, त्यामुळे नवे काम सुरू करता येत नाही. मोजमापे मात्र घेता येतात, आणि ती आत्ताच घेतलेली बरी. पुराच्या खुणा दिवाळीपर्यंतच ताज्या असतात, नंतर गवत वाळले की काही कळत नाही.

साकवाच्या जागी आज ९०० मिमी व्यासाच्या दोन सिमेंट नळ्या आणि वर मातीचा भराव आहे. डाव्या बाजूचा भराव दर पावसाळ्यात जातो. नळ्यांच्या वरच्या अंगाला झुडपांत अडकलेला पालापाचोळा तळापासून १.४ मीटर उंचीवर आहे, खालच्या अंगाला ३० मीटरवर तीच खूण ०.८ मीटरवर. फरक ६०० मिमी. नवा पूल बांधताना पूररेषा जुन्या अडथळ्याच्या खालच्या अंगाची धरायची. वरच्या अंगाला जे दिसते ते नळ्यांनी तुंबवलेले पाणी.

२४ ऑक्टोबर
विसर्गाचा हिशेब. पाणलोट ४० हेक्टर, पावसाची तीव्रता ताशी १०० मिमी, उतार आणि जांभ्याचा सडा (उघडा कातळ) धरून वाहून येणारा हिस्सा ०.६. म्हणजे ०.६ × १०० × ४० ÷ ३६० = ६.७ घनमीटर प्रतिसेकंद. दोन नळ्यांची मिळून वाट १.२७ चौरस मीटर. एवढे पाणी त्यातून काढायचे तर वेग सेकंदाला सव्वापाच मीटर हवा, तो इथे मिळत नाही. शिवाय एक फणसाची फांदी आडवी आली की एक नळी बंद. म्हणून नळ्या वाढवायच्या नाहीत, मधला अडथळाच काढायचा : ६ मीटरचा एकच गाळा, मध्ये खांब नाही.

पूररेषा तळापासून ०.८ मीटर. ३ ते ३० घनमीटर विसर्गाला पूररेषेवर किमान ६०० मिमी मोकळीक लागते, म्हणजे स्लॅबची खालची बाजू १.४ मीटरवर चालली असती. फांद्या आणि ओंडके धरून १.८ मीटर ठेवली.

२८ नोव्हेंबर
आचारसंहिता संपली, कार्यारंभाचा आदेश हातात. पऱ्यात अजून टाचभर पाणी आहे. वरच्या अंगाला मातीच्या गोण्यांचा बांध घालून पाणी एका नळीतून वळवले. जुन्या नळ्यांपैकी एक डिसेंबरअखेर याच कामी येईल, म्हणून दोन्ही एकदम उखडल्या नाहीत.

४ डिसेंबर
उजव्या काठाचा पाया. १.२ मीटरवर काळा दगड लागला. पहार मारली की घणघणते आणि ठिणगी पडते. पृष्ठभाग पाण्याकडे उतरता होता, तो छिन्नीने दोन टप्प्यांत सपाट केला. गुळगुळीत उतरत्या दगडावर थेट काँक्रीट ओतले तर पाया बसतो, पण सरकतो. २० मिमीच्या सळ्या ३०० मिमी खोल भोकांत सिमेंटच्या पातळ मसाल्याने पक्क्या (ग्राऊट) करून वर ३०० मिमी सोडल्या, एकूण आठ.

७ डिसेंबर
डावा काठ. १.१ मीटरवर जांभा लागला, वरून चांगला टणक. गवंड्यांचे मत इथेच थांबावे असे होते. तीन ठिकाणी पहारीने भोक घेतले. दोन ठिकाणी ४०० मिमीनंतर पहार हाताच्या जोरानेच आत गेली आणि टोकाला पांढरट-तांबूस चिकणमाती लागून आली. जांभ्याखाली अशी माती कोकणात सर्रास सापडते. कोरडी असताना दगडासारखी, ओली झाली की साबण. वर जांभ्याचा पापुद्रा ४०० मिमी आणि खाली ही माती, अशा जागी पाया ठेवला तर पऱ्या बाजूने माती पोखरतो आणि अख्खा पापुद्रा पुढे कलतो. जुना भराव दरवर्षी डावीकडचाच का जात होता, तेही आज उलगडले.

निर्णय : जांभा फोडून आणखी ०.९ मीटर खाली, कुजलेल्या, म्हणजे हवा-पाण्याने झिजलेल्या, काळ्या दगडापर्यंत. पंपाचा खर्च आणि चार दिवस वाढले.

११ डिसेंबर
डाव्या खड्ड्यात एम-१५ काँक्रीट (आकडा २८ दिवसांनंतरच्या ताकदीचा, न्यूटन प्रति चौरस मिमी), त्यात धुतलेले काळे दगड, १.९ × २.७ × ०.९ मीटर, म्हणजे ४.६ घनमीटर. दगड एकूण आकारमानाच्या पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत, कोणताही २५० मिमीपेक्षा मोठा नाही, आणि दोन दगडांत दीडशे मिमी काँक्रीट राहील असे एकेक हाताने बसवलेले. ट्रॉली उलटी करून दगड टाकायचे आणि वरून माल ओतायचा, ही पद्धत बंद. दगडाखाली पोकळी राहते आणि ती बाहेरून कधीच दिसत नाही.

१२ ते २४ डिसेंबर
दोन्ही काठांच्या भिंती. काळ्या दगडाचे अनघड बांधकाम, १:५ (सिमेंट : वाळू) मसाला. तळाची रुंदी १.६ मीटर, माथ्याची ०.७५, उंची २.४, लांबी २.४. दोन्ही मिळून १३.५ घनमीटर, सिमेंट २९ गोणी. दर्शनी भागाच्या दर अर्ध्या चौरस मीटरला एक बांधदगड, म्हणजे भिंतीच्या आरपार जाणारा दगड. पूर्ण जाडीला पोचणारा दगड मिळत नसेल तर दोन दगड एकमेकांवर १५० मिमी चढवून घ्यायचे.

१७ तारखेला डाव्या भिंतीचा एक थर उकलला. बाहेरून दोन सुबक रांगा आणि मध्ये नुसती चिपऱ्यांची भर, मसाला जेमतेम शिंपडलेला. पहिल्या पावसात अशी भिंत पोट काढते. थर परत बांधला.

निचऱ्याची भोके १०० मिमी पाइपची, मीटरभर अंतरावर, बाहेरच्या बाजूला १:२० उतार. पाइपच्या आतल्या तोंडावर जाळी आणि मुठीएवढी खडी.

९ जानेवारी २०२५
भिंतीमागचा भराव. भिंतीला लागून ६०० मिमी दगड-खडीचा गाळणथर, त्यामागे मुरूम, दर १५० मिमीला पाणी मारून ठोकलेला. भिंत पाडते ती मागे साठलेल्या पाण्याचा दाब. शेजारच्या बागेतली लाल माती फुकट मिळत होती, घेतली नाही. तीत चिकणमाती जास्त, भोके बुजतात.

२० जानेवारी
सेंटरिंग, म्हणजे स्लॅब ओतण्यासाठीचा तात्पुरता सांगाडा. लोखंडी टेकू ९०० मिमी अंतरावर. पऱ्याच्या तळात थेट टेकू नाही, खाली आडव्या जाड फळ्या. गाळ्याच्या मधोमध १५ मिमीचा उठाव दिला, सांगाडा काढल्यावर स्लॅब थोडा बसतो त्यासाठी. पातळी पाण्याच्या नळीने दोनदा तपासली. नळीत एक बुडबुडा अडकला तर दहा-बारा मिमीचा घोटाळा होतो, त्यामुळे दर वेळी दोन्ही टोके शेजारी धरून पाणी सारखे आहे का ते आधी बघायचे.

२७ जानेवारी
सळई तपासणी. स्लॅब ६.९ × २.० मीटर, जाडी ३०० मिमी, भार चौरस मीटरला ५०० किलो. एरवी पादचारी पुलाला ४०० चालतो, पण शिमग्यात पालखीबरोबर गर्दी साकवावरूनच जाते, म्हणून जत्रेच्या जागेचा भार धरला. मुख्य सळई १६ मिमी, १५० मिमीवर, १४ नग, खालच्या बाजूला. आडवी १० मिमी, २०० वर. वरच्या अंगाला १० मिमीची जाळी.

१६ मिमीचा रॉड १२ मीटरचा येतो, लागतो ७.१. प्रत्येकी ४.९ मीटर उरतो, म्हणजे चौदा रॉडचे मिळून १०८ किलो. अंदाजपत्रकात हा उरलेला माल धरलेला नसतो आणि मग जोड देऊन सळ्या वापरायचा मोह होतो. गाळ्याच्या मध्यात जोड नको म्हणजे नको. उरलेले तुकडे कठड्याच्या खांबांच्या आणि रस्त्याच्या शेवटच्या तोडभिंतीच्या (टोकाखालची माती वाहू न देणाऱ्या भिंतीच्या) कामी ठेवले.

सापडलेल्या चुका : सळईखाली काँक्रीटचे आवरण राहण्यासाठीच्या ४० मिमीच्या ठोकळ्यांऐवजी सात ठिकाणी खडीचे तुकडे, वरच्या जाळीला उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या नाहीत, त्यामुळे ओतताना ती पायाखाली दबून मध्यावर आली असती, एका कोपऱ्यात तेल सळईला लागलेले. तिन्ही दुरुस्त. स्लॅबच्या खालच्या कडेला, काठापासून ५० मिमी आत, २० मिमीची लाकडी पट्टी ठोकली. पट्टी काढल्यावर जी खोबण राहते तिथे पाणी ठिबकून पडते, स्लॅबखाली सरकत जाऊन सळई गंजवत नाही.

भिंतीच्या माथ्यावर डांबरी कागदाचे दोन थर. स्लॅब उन्हाने सरकतो, तो भिंतीला चिकटून राहिला तर माथ्याचा दगड फुटतो.

३० जानेवारी
स्लॅब ओतला. ४.१४ घनमीटर, एम-२५. या प्रतीला १:१:२ (सिमेंट, वाळू, खडी) असे तोंडी प्रमाण चालत नाही. ते एम-२० पर्यंतच. प्रयोगशाळेतून आलेले प्रमाण, एका गोणीला : क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) ९२ किलो, बारीक खडी ६०, वीस मिमी खडी ९०, पाणी २३.५ लिटर. गोण्या ३३.

सकाळी सँडचा ओलावा तव्यावर भाजून काढला : ६ टक्के. म्हणजे गोणीमागे साडेपाच लिटर पाणी सँडमधूनच येते. सँड ९७.५ किलो घेतली आणि पाणी १८ लिटर टाकले. हा हिशेब न करता पूर्ण २३.५ लिटर ओतले असते तर ताकद पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त खाली आली असती, आणि माल मात्र बघायला छान, सहज पसरणारा दिसला असता. घमेल्याने मापायचे असेल तर आणखी एक भानगड : ओलसर सँड फुगते, चार-पाच टक्के ओलाव्याला वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंत. म्हणून इथे वजनकाटा.

सकाळी ७.३० ला सुरुवात, ११.५० ला शेवटची गोणी. दोन व्हायब्रेटर, एक चालू एक राखीव. पहिला नवव्या गोणीला बंद पडला. सुई सरळ उभी घालायची, बुडबुडे थांबले की सावकाश बाहेर. सुईने माल ढकलत नेला की खडी मागे राहते आणि लगदा पुढे जातो.

सहा क्यूब (ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे) घेतले. दुपारी तीनला आळी घालून पाणी भरले.

६ फेब्रुवारी
सात दिवसांचे क्यूब : १८.७, १९.४, १७.९ न्यूटन प्रति चौरस मिमी. फ्लाय अ‍ॅशच्या (कोळशाची राख मिसळलेल्या) सिमेंटला या वयात एवढेच अपेक्षित. घाई नको. पाणी दहा दिवसांऐवजी चौदा दिवस ठेवायचे.

३ ते १८ फेब्रुवारी
पाखाडी. जुन्या पायऱ्यांची उंची मोजली : कमीत कमी १२०, जास्तीत जास्त २४० मिमी. माणूस पडतो तो उंच पायरीमुळे नाही, बदलत्या पायरीमुळे. डोक्यावर भारा घेतलेल्या बाईला पाऊल दिसत नाही, तिचा पाय मागच्या दोन पायऱ्यांच्या मापावर पडतो. एकूण चढ २१ मीटर, म्हणून १५० मिमीच्या १४० पायऱ्या, पाऊल ठेवायची जागा ३५० मिमी. दुप्पट उंची अधिक पाऊल ६५० मिमी, चालायला बरोबर. दर चौदा पायऱ्यांनी विसाव्याचा टप्पा. रुंदी २ मीटर. पालखीचे भोई दोन्ही अंगांना चालतात, त्यापेक्षा कमी चालणार नाही. वळणावरचा टप्पा ३ × ३ मीटर ठेवला, कारण पालखीचा दांडा वळायला तेवढी जागा लागते. हे माप कुठल्याही पुस्तकात नाही. पालखीचा दांडा मोजून घेतले.

चिरा (जांभ्याचा घडवलेला दगड) १४ × ९ × ७ इंचाचा, लांबी आत करून बसवला. पायरीला ९, एकूण १,२६०, तूट धरून १,३६० मागवले. चिरा निवडताना दोन खुणा : हातोडीला ठणठणीत आवाज आणि गडद रंग. पिवळे-पांढरे डाग असलेला चिरा भिंतीत चालेल, पायरीत दोन पावसांत झिजून खोलगट होतो. खाणीतून नुकताच काढलेला चिरा मऊ असतो, हवेवर टणक होतो. त्यामुळे माल डिसेंबरातच आणून रचला होता. खाली ठोकलेला दगड, त्यावर ७५ मिमी काँक्रीट. प्रत्येक चिरा खालच्या पायरीच्या पातळीखाली ३० मिमी रुतवला, म्हणजे तो पुढे सरकू शकत नाही. प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी ४५० मिमी खोल पायबंद, म्हणजे एक चौदापायरी हलली तरी खालच्यांवर भार येत नाही.

१४ तारखेची चूक : पाचव्या टप्प्याखालची शेवटची पायरी १९० मिमी झाली. खालून वर बांधत आले की साठलेला फरक गवंडी शेवटच्या पायरीत टाकतो. वरच्या आठ पायऱ्या उकलून ४० मिमी प्रत्येकीत पाच-पाच मिमी वाटले. यानंतर १५० मिमीची लाकडी माप-पट्टी प्रत्येक टोळीकडे दिली आणि दर टप्प्याला पातळी दोरीने पक्की करूनच पुढे.

वर सिमेंटची घोटाई मागितली गेली, नाकारली. घोटलेल्या सिमेंटवर जुलैत शेवाळ धरते आणि ते जांभ्याच्या खरखरीत पृष्ठभागापेक्षा कितीतरी निसरडे असते. पाणी पायऱ्यांवरून वाहू नये म्हणून प्रत्येक टप्प्यावर तिरकी उथळ पन्हळ, ३०० रुंद, ५० खोल, बाजूच्या गटारात सोडलेली. खोल चर केला असता तर अंधारात पाय अडकला असता.

२० फेब्रुवारी
साकवाचा सांगाडा २१ दिवसांनी काढला. टेकू मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे सैल केले. उलट केले तर स्लॅब क्षणभर मध्यावरच्या टेकूवर टांगला जातो आणि वरच्या अंगाला तडा जातो. मध्याची बसण ४ मिमी. उजव्या कडेला हातभर जागेत खडी उघडी. सळई दिसत नाही, मसाल्याने भरली.

२७ फेब्रुवारी
२८ दिवसांचे क्यूब : ३१.१, २९.६, ३२.०. सरासरी ३०.९. पास.

१० मार्च
पाखाडी आणि साकव चालण्यास खुले, शिमग्याच्या आधी. कठडा १.१ मीटर उंच. साकवाच्या दोन्ही तोंडांना मधोमध एक लोखंडी खुंटा. दुचाकी आणि चाकाची खुर्ची बाजूने जाते, चिऱ्यांचा टेम्पो जात नाही. या स्लॅबला खरा धोका त्या टेम्पोचाच. पालखीसाठी खुंटा उचलून काढता यावा म्हणून खाली पाइपची खोबण आणि कुलूप.

२२ एप्रिल ते १९ मे
वाडीतला रस्ता. आधी ३०० × ३०० मिमीचे गटार, १:१०० उतार, मग रस्ता. जुना काँक्रीटचा थर उखडला. दर वेळी वरच नवा थर चढवल्याने रस्ता दोन घरांच्या उंबऱ्याच्या वर गेला होता आणि पाणी पडवीत येत होते. नवी पातळी उंबऱ्याखाली २०० मिमी.

रस्ता ३ मीटर रुंद, १५० मिमी एम-३०, ३ × ३ मीटरचे २८ गाळे, प्रत्येकी १.३५ घनमीटर. ओतण्याआधी रस्त्याखालून सहा ठिकाणी ११० मिमीचे रिकामे पाइप टाकले. नळपाणी योजनेची जोडणी उद्या कोणाला घ्यायची असेल तर नवा रस्ता फोडावा लागू नये. सांध्याची चीर ५० मिमी खोल, ओतल्यापासून बारा तासांच्या आत. मे महिन्यात दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली की काँक्रीट आपली चीर आपणच पाडते, नको तिथे. सहाव्या गाळ्यात तेच झाले, कटरचे पाते उशिरा आले.

२० मे
१९ वा गाळा दुपारी दोनला ओतला, साडेचारला जोराचा पाऊस. ताडपत्री होती, पण वाऱ्याने एका बाजूने उचलली. मीटरभर पट्टीतला वरचा लगदा धुऊन गेला, वाळू उघडी. कोरडे सिमेंट भुरभुरायची सूचना आली, ती ऐकली नाही. त्याचा पापुद्रा होतो आणि महिन्यात सुटतो. पट्टी तशीच ठेवली, सुकल्यावर खिळ्याने ओरखडून पाहिली : दोन-तीन मिमीखाली टणक आहे.

२५ मे
मान्सून तळकोकणात दाखल, नेहमीपेक्षा बराच आधी. वेळापत्रकात जूनचा पहिला आठवडा धरला होता. रस्ता ५७ मीटरवर थांबवला. उरलेल्या २७ मीटरचा मुरूम उघडा पडला आहे. पाणी काँक्रीटच्या तुटक्या टोकाखाली शिरून माती नेते, म्हणून पाऊस थोडा थांबल्यावर टोकाला ३०० मिमी खोल तोडभिंत घातली आणि पुढे मोठ्या खडीचा उतार केला. गटार पूर्ण ८४ मीटर आधीच झालेले, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू.

१६ जून
काल तळेगावजवळच्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांची गर्दी असताना कोसळला. साकवाचा हिशेब पुन्हा मांडला. चालायची जागा १.८ × ६ मीटर, म्हणजे १०.८ चौरस मीटर, भार ५.४ टन. साधारण ऐंशी माणसे, म्हणजे खांद्याला खांदा लावून. भार पेलेल. तपासायचे ते कठड्याचे खांब, कारण गर्दी रेलते. आठपैकी एक खांब बुडाशी हलतो आहे. तात्पुरता बांधला, पाऊस उघडला की खोबण साफ करून पुन्हा बसवायचा.

१८ जुलै
रात्रभर धुवांधार पाऊस, सकाळी पाहणी. साकवाखाली पाणी तळापासून ०.७ मीटर चढल्याची खूण. डाव्या भिंतीची निचऱ्याची भोके सगळी वाहत आहेत, उजवीकडचे एक कोरडे. सळई घालून साफ केल्यावर गढूळ पाणी आले. डाव्या भिंतीच्या पायाशी माती गेलेली नाही.

पाखाडीवर तिसऱ्या टप्प्याची पन्हळ पाल्याने तुंबली होती, खालच्या चौदा पायऱ्यांवरून पाणी. तिथे दोन सांध्यांतला मसाला उकरला गेला आहे. पन्हळीचा उतार तिथे कमी पडतो आहे, दिवाळीनंतर १० मिमी वाढवायचा. रस्त्याच्या टोकाची तोडभिंत ठीक, खडीचा उतार अर्धा वाहून गेला, दोन ट्रॉली मागवली.

खुंट्याच्या कुलपाची एक किल्ली ग्रामपंचायतीत, दुसरी पालखीच्या मानकऱ्यांकडे. कुलपात आत्ताच गंज दिसतो, ग्रीस भरले.